दुःख सगळ्यांचं, सामान ज्याचं त्याचं

कविसंमेलनात सूत्रसंचालक कवीची ओळख करून देतो तेव्हा पुस्तकांची नावं झटपट उरकतो आणि मग आवाज खाली आणून कवीच्या आयुष्यावर येतो. लहानपणीच आई गेली, पुढे गरिबी, मग आजारपण, मग एकाकीपण. सभागृह हळहळतं. 'या वेदनेतूनच त्यांची कविता जन्माला आली' हे वाक्य ठरलेलं. टाळ्या पडतात आणि कवी बिचारा माइकपाशी येऊन पावसाची कविता वाचतो. वेदना हीच कवितेची आई, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की बऱ्या चाललेल्या कवीला थोडं अपराधी वाटावं आणि ज्याच्यावर नुकताच घाला पडला आहे त्याला आता आपल्यालाही कविता होईल अशी आशा लागावी.

मला हा समज पटत नाही. वेदना सगळ्यांनाच होते. कविता फार थोड्यांना होते. ज्याला खरोखर लागलेलं असतं तो 'आई गं' म्हणतो, आणि त्यात रूपक नसतं. दुःख माणसाला प्रतिमा पुरवत नाही, उलट हाताशी असलेली भाषाही काही काळ हिसकावून घेतं. प्रतिमा येते ती कवीच्या रोजच्या वापरातल्या सामानातून: त्याचं घर, त्याचा धंदा, अंगावरचे कपडे, ऐकलेल्या कथा, हातांना झालेली कामाची सवय. हे सगळं दुःखाच्या कितीतरी आधी जमा झालेलं असतं. दुःख फार तर त्या सामानाची उलथापालथ करतं. तेव्हा 'वैयक्तिक वेदनेची कविता' असं आपण म्हणतो त्यात वैयक्तिक नेमकं काय असतं? माझं म्हणणं असं, की घटना तिथे सगळ्यांत कमी वैयक्तिक असते.

हे पडताळून बघायला मराठीत एक फार चांगली जोडी आहे. बहिणाबाई चौधरींचे पती नथूजी १९१० साली वारले, तेव्हा बहिणाबाई तिशीत होत्या. इंदिरा संतांचे पती ना. मा. संत १९४६ साली वारले, तेव्हा इंदिराबाई बत्तीस वर्षांच्या होत्या. घाला तोच, वयही जवळपास तेच, दोघींच्याही पदरात लहान मुलं. एक खानदेशातली, अक्षरओळख नसलेली शेतकरीण. दुसरी बेळगावात पुढे शिक्षकांना शिकवणारी, पतीबरोबर 'सहवास' नावाचा एकत्रित संग्रह काढलेली कवयित्री. वेदनाच जर प्रतिमा घडवत असती, तर या दोघींच्या कवितेत कुठेतरी एकसारखं काही सापडायला हवं होतं.

बहिणाबाईंची वैधव्यावरची कविता जरा जवळून बघू. विधवेचं काय काय काढून घ्यायचं याची रूढीने एक यादी केलेली होती: कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र. बहिणाबाई नेमकी तीच यादी हातात घेतात आणि एकेका वस्तूपुढे थांबून विचारतात, ही गेली, मग मागे काय राहिलं? कुंकू पुसता येतं, कपाळावरचं गोंदण पुसता येत नाही. बांगडी फुटते, पण ती ज्या मनगटात होती त्या मनगटाचं कर्तृत्व शाबूत राहतं. मंगळसूत्र तुटतं, गळ्याची शपथ उरते. आणि कुंकवाबद्दल तर त्या आणखी एक गोष्ट बघतात: नशिबाची रेघ कुंकवाखाली झाकलेली होती, कुंकू पुसलं तशी ती उघडी पडली. हे सुचायला आरशात रोज कपाळ बघितलेलं असावं लागतं. कुंकू बोटाने टेकवताना खाली कातडीला काय असतं, ते पुसल्यावर कपाळ कसं दिसतं, हे बोटाला ठाऊक असावं लागतं.

मग त्या धरतीकडे वळतात आणि विचारतात की झाड निघून गेलं तरी त्याची सावली मागे कशी राहिली. मला ही मराठीतल्या थोर प्रतिमांपैकी एक वाटते, आणि ती थोर आहे ती करुण आहे म्हणून नव्हे. ती एका शेतकरणीची तक्रार आहे. झाड तोडलं की सावली जाते हे तिला पक्कं माहीत आहे; भर उन्हात कुठे बसायचं हा तिच्या रोजच्या कामातला प्रश्न आहे. निसर्गाचा जो नियम ती जन्मभर बघत आली तो इथे मोडला, आणि ज्या जमिनीत तो मोडला तिलाच ती जाब विचारते. शहरातल्या कवीने 'तू गेलास, तुझी सावली उरली' असं लिहिलं असतं तर ते भावगीत झालं असतं. बहिणाबाईंच्या कवितेत सावलीला क्षेत्रफळ आहे.

इंदिरा संतांकडे यातलं काही नाही. त्यांच्या संग्रहांची नावंच बघा: 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ', 'रंगबावरी', 'बाहुल्या', 'गर्भरेशीम'. वस्त्र, रंग, रेशीम, भास. पती गेल्यानंतर चार-पाच वर्षांनी 'शेला' आला आणि तेव्हापासून वाचकांनी त्यांना विरहाची कवयित्री असा शिक्का मारला, तो 'गर्भरेशीम'ला १९८४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तरी पुसला गेला नाही. पण त्यांची कुब्जेवरची कविता घ्या. पहाटेपूर्वीची अवेळ, मावळतीला टेकलेला केशरी चंद्र, झोपलेलं गोकुळ, झोपलेली राधा, आणि पलीकडच्या तीरावरून मुरली. अर्ध्या पाण्यात एक बाई उभी राहून तो सूर पिते आहे आणि तिला वाटतं आहे की हा आपल्यासाठीच वाजतो. ती बाई कुब्जा, मथुरेतली कुबड असलेली दासी.

विरह सांगायचा तर राधा आयती होती. आठशे वर्षं सगळ्यांनी तिलाच वापरलं. इंदिराबाई राधेला झोपवतात. त्या ज्या बाईला पाण्यात उभी करतात तिचा मुरलीवर काही हक्क नाही. मुरली गोकुळाची, ती मथुरेची. जे आपलं म्हणून सांगता येणार नाही असं काहीतरी, सगळे झोपलेले असताना, थोडा वेळ तिच्या वाट्याला येतं. कवितेत दुःखाचा उच्चार नाही, डोळ्यांतले थेंब सुखाचे आहेत. आणि तरीही हे सुख किती वेळ टिकणार हे वाचकाला कळतं, कारण उजाडायला आलेलं आहे. इथे सामान परंपरेचं आहे, सार्वजनिक आहे, पण त्यातून उचललेली वस्तू इतकी अनपेक्षित आहे की ती खाजगी होऊन जाते. सामान नवं असण्याची गरज नसते. कोपऱ्यात पडलेलं, इतरांनी न उचललेलं काय आहे हे ज्याला दिसतं त्याचं ते होतं.

दोघींचं दुःख सारखं होतं असं मी म्हणत नाही. कुणाचंच दुःख कुणासारखं नसतं, हे वाक्य सांत्वनाच्या पत्रात शोभून दिसतं. मी म्हणतो आहे ते इतकंच, की त्या वेगळेपणाचा पुरावा आपल्यापर्यंत गोंदणातून आणि कुब्जेतून आला. दुःख वेगळं होतं की नव्हतं हे तपासायला आपल्याकडे दुसरं काही नाही.

यावर एक जुना आक्षेप येईल. आपल्या परंपरेनेच तर शोकातून श्लोक झाला असं सांगितलं आहे. क्रौंच पक्ष्याला बाण लागला आणि वाल्मीकींच्या तोंडून पहिलं काव्य बाहेर पडलं. ही कथा वेदनावाद्यांचा हुकमी एक्का. पण ती नीट वाचली तर वेगळंच काही सांगते. एक तर वियोग झाला क्रौंचीचा. वाल्मीकी काठावर उभे राहून बघत होते. दुसरं, त्या पहिल्या श्लोकात एकही उपमा नाही, रूपक नाही. तो सरळसरळ शाप आहे: काय केलंस आणि त्याबद्दल तुला काय भोगावं लागेल. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. शाप तोंडातून गेल्याबरोबर मुनी पक्ष्याकडे बघत बसत नाहीत. आपण हे काय बोललो, असं स्वतःलाच विचारतात, आणि शिष्याला सांगतात की याचे चरण नीट बांधलेले आहेत, अक्षरं सारखी आहेत, वीणेवर म्हणता येईल असं हे आहे. पक्षी अजून रक्तात पडलेला आणि कवी अक्षरं मोजतो आहे. हा कोडगेपणा म्हणायचा असेल तर खुशाल म्हणा, पण याच्याशिवाय कविता होत नाही.

हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने आनंदवर्धनाच्या 'ध्वन्यालोका'वर टीका लिहिताना या प्रसंगापाशी थांबून बजावलं, की हा शोक मुनीचा स्वतःचा समजू नका. तो स्वतःच्या दुःखाने पोळला असता तर रसाची भाषाच उरली नसती. आपल्याकडे या शोक-श्लोकाच्या नात्याची जितकी पारायणं झाली तितकी या एका इशाऱ्याची झाली नाहीत, आणि त्याचं कारण उघड आहे: इशारा गैरसोयीचा आहे. तो मानला तर कवीच्या चरित्रातून कवितेकडे जाणारा सरळ रस्ता बंद होतो. मेलेल्या लेकराला झोपलेलं समजणाऱ्या आईची कविता गोविंदाग्रजांनी, म्हणजे राम गणेश गडकऱ्यांनी लिहिली. गडकरी काही आई नव्हते. पण ती वाचून रडणाऱ्यांपैकी कुणी त्यांच्याकडे दाखला मागितला नाही.

चरित्र शोधणाऱ्यांचा एक उद्योग तर फारच मजेशीर असतो: कवितेच्या नंतर घडलेलं कवितेत वाचणं. बालकवी ठोमरे ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनाशी रेल्वेखाली सापडून गेले, वय सत्तावीस. तेव्हापासून 'औदुंबर' या आठ ओळींच्या चित्रात लोकांना मृत्यू दिसू लागला. त्या आठ ओळींत आहे काय? टेकडी, झरा, गाव, शेतं, पायवाट, डोह, आणि पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड. उदास हा शब्दही नाही. मी म्हणतो, मृत्यू दिसत असेल तर बघा बापडे, पण आधी ते पाण्यातलं झाड बघा. पाणी काळं आहे, झाड त्यात बसलेलं आहे, आणि पायवाट त्या डोहाकडे येते. जे काय दाटून येतं ते या मांडणीतून येतं, जळगावच्या त्या अपघातातून नव्हे.

मराठीत या प्रश्नाला शास्त्राचं रूप देण्याचा सगळ्यांत नेटका प्रयत्न बा. सी. मर्ढेकरांनी केला. 'सौंदर्य आणि साहित्य' या पुस्तकात त्यांनी भावनानिष्ठ समतानता ही कल्पना मांडली. थोडक्यात असं: दोन अनुभव दिसायला अगदी वेगळे असतात, पण त्यांनी मनात उठवलेली भावना एकाच जातीची असते, आणि त्या धाग्यावर कवी ते शेजारी बसवतो. चंद्र आणि चेहरा गोल असतात म्हणून नव्हे, दोघांनी मनाचं एकच काहीतरी होतं म्हणून. उपमा अलंकार म्हणून शिकलेल्या आपल्या पिढ्यांना यामुळे मोठाच मोकळा श्वास मिळाला. पिपात मेलेले उंदीर आणि माणसं यांच्यात दिसायला साम्य काय? काही नाही. पण मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह १९४७ साली आल्यावर ते उंदीर मराठी कवितेतून पुन्हा बाहेर पडले नाहीत.

माझी तक्रार एकच आहे. मर्ढेकरांच्या सिद्धान्तात दुसरा अनुभव आपोआप हजर असतो. तो येतो कुठून, कुणाकडे कोणता असतो, याबद्दल ते काही बोलत नाहीत. त्यांचे स्वतःचे उंदीर मात्र बोलतात. ते मुंबईच्या चाळींतले आहेत, ओल्या पिंपातले, सकाळी बघून नाक दाबून पुढे जाण्याचे. ज्ञानेश्वरांकडे हा उंदीर नव्हता, बहिणाबाईंकडे असता तर तो धान्याच्या कणगीतला असता आणि त्याच्याशी भांडण वेगळं झालं असतं. भावना समतान असतील, पण वस्तू कुठल्या तरी पत्त्यावरच्या असतात.

इथे ग्रेस आडवे येतात, आणि त्यांना टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. नागपूरचे माणिक गोडघाटे यांनी टोपणनाव घेतलं तेच इन्ग्रिड बर्गमनच्या एका चित्रपटातून. १९६७ साली 'संध्याकाळच्या कविता' आला आणि तेव्हापासून 'दुर्बोध' हे विशेषण त्यांना चिकटलं. आई, संध्याकाळ, घोडे, प्रार्थना, चर्च, चंद्र यांचं त्यांच्या कवितेत असं काही मिश्रण होतं की कुठल्या दुःखाची ही प्रतिमा, असं विचारायची सोयच राहत नाही. माझ्या म्हणण्याप्रमाणे प्रतिमा हाताळलेल्या सामानातून यायला हवी. ग्रेस यांचं सामान तर बहुतेक स्वप्नातलं, पुस्तकातलं, दूरच्या धर्मातलं. मग ती कविता खोटी?

बऱ्याच ठिकाणी ती मला पोकळ वाटते, हे आधी सांगून टाकतो. प्रतिमेवर प्रतिमा चढत जाते, नाद सुंदर असतो, आणि हाताला काही लागत नाही. त्यांच्या मागून आलेल्या नकलाकारांनी तर त्यातला फक्त धूर उचलला. पण जिथे ग्रेस साधतात तिथे एक गोष्ट ध्यानात येते: त्यांनी तेच मोजकं सामान इतक्या वेळा, इतकी वर्षं वापरलं की ते वापराने त्यांचं झालं. 'महाश्वेता' मालिकेचं शीर्षकगीत घरोघरी ऐकलं गेलं. भाजी निवडता निवडता बायका ते गुणगुणत. त्यांतल्या प्रत्येक ओळीचा अर्थ सांगा म्हटलं तर प्राध्यापकांचीही पंचाईत, पण त्या गाण्यातली भीती कशाची हे कुणाला विचारावं लागलं नाही. संध्याकाळ ही ग्रेस यांच्या लेखी एक वेळ राहिली नव्हती, ती राहण्याची जागा झाली होती. बहिणाबाईंनी जातं हाताळलं, ग्रेस यांनी तिन्हीसांजा हाताळल्या. मला त्यांच्याविषयी आदर आहे तो या चिकाटीसाठी. अर्थात यामुळे माझ्या म्हणण्यात थोडी ढिलाई येते, आणि ती मी मान्य करतो: सामान हाताने हाताळलेलंच हवं असं नाही, पण हाताळलेलं हवं.

आता फोनवर दिवसाला ज्या कविता येऊन पडतात त्यांच्याकडे या अंगाने बघा. दुःख खरं असतं, मला त्याबद्दल शंका नाही. कुणाचं लग्न मोडलेलं असतं, कुणाचा बाप गेलेला असतो. पण कवितेत येतात ते पणती, प्राजक्ताचा सडा, पुस्तकात जपलेलं पिंपळपान, मनाचा बंद कप्पा, पापणीआडचा पाऊस. लिहिणारी व्यक्ती हिंजवडीत बाराव्या मजल्यावर राहते. तिच्या आसपास प्राजक्त असलाच तर सोसायटीच्या कुंपणाला असेल. हे सामान तिने कधी वापरलेलं नसतं. दुःखाच्या प्रसंगी ते भाड्याने आणायची पद्धत आहे म्हणून आणलेलं असतं. त्यामुळे तिचं स्वतःचं, कधीच पुन्हा न होणारं दुःख शेजारणीच्या दुःखासारखं दिसू लागतं. खाजगी ते सगळं बाहेर राहतं.

आणि बाहेर काय काय राहतं! आजचं मरण दिवाणखान्यात किंवा माजघरात कमी आणि अतिदक्षता विभागाच्या बाहेर जास्त घडतं. माणूस गेल्यावर घरच्यांपैकी कुणीतरी एक जण पिशवी घेऊन खालच्या मेडिकलच्या खिडकीशी उभा राहतो. सकाळीच आणलेली, न वापरलेली इंजेक्शनं आणि सलाइनच्या बाटल्या परत करायच्या असतात. पलीकडचा माणूस पावती बघतो, एकेक तुकडा मोजतो, फोडलेलं खोकं बाजूला सारतो आणि उरलेले पैसे हातात ठेवतो. ते पैसे खिशात घालताना काय होतं, हे ज्यांनी घातले त्यांना माहीत आहे.

किंवा गावाकडे या. बाप गेला की वारसनोंदीचा अर्ज द्यावा लागतो. फेरफार मंजूर झाला की सातबाऱ्यावर बापाच्या नावाला कंस होतो, फेरफाराचा क्रमांक पडतो आणि आईचं, भावाबहिणींचं, आपलं नाव चढतं. जुन्या सातबाऱ्यावर नाव खोडत नसत. कंसात ते नीट वाचता येतं, फक्त त्याचा त्या जमिनीवर काही हक्क राहिलेला नसतो. महाराष्ट्रातल्या लाखो घरांत हा कागद आहे. बहिणाबाईंचं गोंदण ज्या जातीचं, त्याच जातीची ही वस्तू: काय गेलं आणि काय उरलं दोन्ही एकाच जागी दाखवणारी. पण 'कंस' हा शब्द कवितेत आणायला आपला कवी लाजतो, कारण दुःखाने कसं सुंदर दिसावं याचे काही नियम त्याच्या डोक्यात बसलेले असतात.

ते नियम मराठीत एकदा फार जोरात मोडले गेले. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. कामाठीपुऱ्याच्या आसपास वाढलेला, टॅक्सी चालवलेला तरुण. विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, आणि तिच्यात त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की यातले कितीतरी शब्द आपल्याला कळले नव्हते. तेंडुलकरांसारख्या मुंबईत मुरलेल्या लेखकाला मुंबईतल्याच काही गल्ल्यांचं सामान नावानिशी ठाऊक नव्हतं. कवी नारायण सुर्व्यांनी गिरणगावचं सामान आधीच कवितेत आणलं होतं, पण त्याला निदान श्रमाची प्रतिष्ठा होती. ढसाळांनी जे आणलं ते समाजाने सामान म्हणून मोजलेलंच नव्हतं. ते कचऱ्यात जमा होतं. वाचकांना बसलेला धक्का शिव्यांचा होता असं म्हणण्याची पद्धत आहे. शिव्या काय, नळावर रोज ऐकू येत होत्या. धक्का होता तो या वस्तूंनीही दुःख तोलता येतं याचा, आणि मग इतके दिवस आपण ज्या तराजूत ते तोलत होतो तो कुणाचा, या प्रश्नाचा. दुःख सगळ्यांचं असेल, पण कुणाच्या सामानाला कवितेत प्रवेश आहे ही गोष्ट कधीच सगळ्यांच्या हाती नव्हती. माझ्या म्हणण्यातली ही बाजू मला अधिक अस्वस्थ करते. बहिणाबाईंची गाणीसुद्धा त्यांचा मुलगा सोपानदेव याने लिहून ठेवली होती आणि आचार्य अत्र्यांनी ती मनावर घेतली, म्हणून १९५२ साली छापून आली. बहिणाबाई त्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या.

राहता राहिले तुकोबा, ज्यांच्यापुढे माझं म्हणणं एका टप्प्यावर थांबतं. त्यांचं सामान कोणतं हे सांगायला संशोधक नको. देहूचा वाणी, महाजनकीचं घर, उधारी-उसनवारीचा धंदा. त्यांच्या अभंगांत ऋण, खत, मुद्दल, भांडवल, दिवाळं हे शब्द जागोजाग भेटतात. चरित्रकार महिपतीने सांगितलेली कर्जखतं इंद्रायणीत बुडवल्याची कथा खरी मानली, तर खतं बुडाली आणि खतांची भाषा तेवढी तरली. १६३०च्या सुमाराच्या त्या भयंकर दुष्काळानंतर एका अभंगात ते देवालाच सांगतात की दिवाळं निघालं ते बरं झालं, दुष्काळाने छळलं ते बरं झालं, अपमान झाला, गुरंढोरं गेली, तेही बरंच. एकेक तोटा घ्यायचा आणि तो जमेच्या बाजूला लिहायचा. हिशेबाची वही उलटी धरून केलेली ही कविता दुसऱ्या कुणाला सुचली नसती, कारण दुसऱ्या कुणाचं बोट त्या वहीवरून इतकं फिरलेलं नव्हतं.

पण आपली हकिकत सांगणारा त्यांचा दुसरा एक अभंग आहे. संतांनी विचारलं म्हणून सांगतो, अशा सुरात त्यांनी तो सुरू केला आहे. त्यात दुष्काळात पैसा आटला आणि मान गेला हे सांगून झाल्यावर पहिल्या बायकोचं मरण येतं: अन्नासाठी तडफडत गेली, इतकंच. उपमा नाही, खताची भाषा नाही, देवाला टोमणा नाही. धंद्याची शेकड्यांनी रूपकं ज्याच्या जिभेवर होती त्या माणसाने इथे एकही वापरलं नाही. जमेची बाजू तर नाहीच नाही. वेदनेने भाषा हिसकावून घेतली म्हणून असं झालं, असं मी म्हणणार नाही. हे तो पुष्कळ वर्षांनी, शांतपणे, यमक जुळवून सांगतो आहे. सामान हाताशी होतं आणि त्याने ते उचललं नाही, एवढंच मला दिसतं. का, याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि या लेखातल्या कुठल्याच सिद्धान्तात ते बसत नाही. अभंगात पुढे लगेच धंद्यातली तूट येते, आणि मग मोडकळीला आलेलं देऊळ दुरुस्त करावं असं त्याच्या मनात येतं.